ग्रामसभेचं जंगल, गावची मुलं आणि विज्ञानाचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा: गडचिरोली जिल्ह्यातलं एक गोंड गाव, सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर झालेला, गावात आठवी ते बारावीची वीसेक मुलं-मुली. शाळेतलं विज्ञान त्यांना परकं वाटतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जंगलाची जी जाण आहे ती शाळेत कुठेच येत नाही. या दोन्हींची गाठ घालून वर्षभराचा अभ्यास कसा उभा करावा, असं तिथल्या शिक्षकांनी विचारलं आहे.

सर, सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करू नका, ग्रामसभेपासून करा. 'मुलांसाठी एखादा विषय सुचवा' असं विचारलंत तर लोक कौतुकाने औषधी वनस्पतींची यादी देतील, मुलं तक्ते रंगवतील, प्रदर्शन होईल आणि वह्या कपाटात जातील. त्याऐवजी विचारा, यंदा जंगलाबाबत कोणता निर्णय अडकलाय? उत्तरं लगेच येतात. मोहाखाली जाळायचं की नाही. शेजारच्या गावचे लोक चारोळी कच्चीच ओरबाडतात, काय करायचं. बांबूच्या एका बेटातून किती काठ्या काढायच्या. बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, पूर्वी होळीपर्यंत टिकायची, आता आधीच का आटते. यातला एकच प्रश्न घ्या. ज्या प्रश्नावर गाव खरोखर निर्णय घेणार आहे त्याची मोजदाद मुलं जीव लावून करतात, कारण चुकीचा आकडा दिला तर आजी विचारणार असते.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि त्याआधी अभ्यास गटात विषयाचा कीस पाडला जातो. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हक्क आणि 2011 मध्ये बांबू विकायला बाहेर नेण्याच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती आलं, तेव्हा त्यामागे अशा अभ्यासाची कित्येक वर्षं होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदूपानं तोडणंच बंद करायचं ठरवलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, खायला फळ उरत नाही, ही त्यामागची कारणं. उत्पन्नावर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय आहे. पाचगावसारख्या जंगलात पाच-दहा वर्षांत तेंदूची फळं आणि रोपं वाढली का, हे मोजणं म्हणजे दहावीच्या मुलांना झेपणारं अस्सल संशोधन आहे.

विषय ठरला की ग्रामसभेचा ठराव घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: काय नोंदवायचं, वही कोणाकडे राहणार, आणि गावाबाहेर काय जाणार नाही. औषधी वनस्पतींची माहिती पहिल्या वर्षी घेऊच नका. वैदूच्या ज्ञानावर त्याचा अधिकार असतो, आणि मुलांनी ते उत्साहात लिहून, फोटो काढून मोबाइलवर टाकलं की परत घेता येत नाही. हळदीच्या जखमेवरच्या उपयोगाचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे पुढे करून 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं. पण हळदीबद्दल कागद होता. माडिया बोलीत तोंडी चालत आलेल्या औषधाबद्दल तो नाही. म्हणजे लिहिलं तर चोरीची भीती, न लिहिलं तर पुराव्याची अडचण. हा पेच मोठ्या मुलांसमोर जरूर ठेवा. सोबत केरळातल्या काणी लोकांचं उदाहरण द्या. 1987 मध्ये शास्त्रज्ञांबरोबर डोंगर चढणारे काणी वाटाडे आरोग्यपच्चा या रानवनस्पतीची फळं चघळत होते आणि दमत नव्हते. त्यातून पुढे 'जीवनी' हे औषध तयार झालं आणि परवान्याच्या पैशांतला व स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरलं. जैवविविधता कायदा 2002 खालची लोक जैवविविधता नोंदवही (गावातले सजीव आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती यांची वही) गावाने केली असेल तर तिच्यातही काय उघड ठेवायचं आणि काय राखून ठेवायचं हे गावच ठरवू शकतं.

आता एक अभ्यास जवळून पाहू. मोहाचा घेतो, कारण त्यात वनस्पतिशास्त्र, रसायन, गणित आणि घरची चूल एकत्र येतात.

गावात दोन मतं असतात. एक म्हणतं, झाडाखालचा पाचोळा जाळला की फुलं दिसतात आणि स्वच्छ वेचता येतात. दुसरं म्हणतं, जाळल्यामुळे नवे मोह उगवतच नाहीत, सगळी झाडं आजोबांच्या वेळची आहेत. दोन्ही मतं पाहण्यातून आलेली आहेत, म्हणून दोन्ही तपासायची. मुलांना आग मात्र लावू द्यायची नाही. एक तर जीव धोक्यात, आणि जंगलात आग लावणं हा वन कायद्याखाली गुन्हा आहे. ज्या कुटुंबांनी स्वतःच जाळलं असेल त्यांची झाडं तुलनेला घ्या.

झाडं पंधरा निवडा. जमिनीपासून 1.37 मीटरवर टेप लावून घेर मोजा आणि 120 ते 180 सेंटिमीटर घेराचीच ठेवा, म्हणजे कोवळं झाड आणि थोराड झाड यांची तुलना होणार नाही. मोहाची झाडं कुटुंबांत वाटलेली असतात, त्यामुळे प्रत्येक झाडामागे एका घराची परवानगी लागते. ती मुलांनीच मागायची. पाच झाडांखाली पाचोळा झाडून बाजूला करायचा, पाच झाडांखाली जाळी किंवा शिवलेल्या जुन्या साड्या बांधायच्या, आणि पाच झाडं मालकाने नेहमीप्रमाणे जाळलेली.

फेब्रुवारीत, कुणी जाळायच्या आधी, प्रत्येक झाडाखाली चार दिशांना एक मीटर बाय एक मीटरचे चार चौकोन आखा, फांद्यांच्या सावलीच्या साधारण मध्यावर. कोपऱ्यांना दगड ठेवा. लाकडी खुंट्या जळतात, नाहीतर सरपणात जातात. चौकोनातलं मोहाचं प्रत्येक रोप मोजा, त्याची उंची लिहा आणि त्याला शीतपेयाच्या डब्यातून कापलेल्या पातळ पत्र्याची क्रमांकाची पट्टी सैलसर तारेने बांधा. प्लॅस्टिकचा दोरा पहिल्याच आगीत वितळतो आणि पुढे कोणतं रोप कोणतं ते कळत नाही.

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून नीट पाहा. आग लागते मार्च-एप्रिलमध्ये. मोहाच्या बिया पडतात जून-जुलैत. म्हणजे यंदाची आग यंदाच्या बियांना जाळतच नाही, ती गेल्या एक-दोन वर्षांच्या रोपांना जाळते. पावसाळ्यात उगवलेली रोपं मोजून 'जाळलेल्या आणि न जाळलेल्या जागेत काही फरक नाही' असा निष्कर्ष काढला तर तो चूक ठरतो. मोजणी फेब्रुवारीत, मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि पुन्हा पुढच्या फेब्रुवारीत हवी. मेमध्ये काळं पडलेलं रोप मेलंच असंही नाही. पानझडी जंगलातली अनेक रोपं मुळापासून पुन्हा फुटतात, म्हणून 'मेलं' हा शेरा ऑगस्टनंतरच मारायचा.

दुसरी अडचण: झाडाखाली बीच नसेल तर आगीचा काय दोष? बिया तेलासाठी वेचल्या जातात. म्हणून प्रत्येक झाडाखालच्या एका चौकोनात जुलैमध्ये 25 ताज्या बिया टोचायच्या आणि तसं नोंदवायचं. ताज्याच हव्यात, मोहाचं बी ठेवून टिकत नाही, काही आठवड्यांतच उगवण झपाट्याने घसरते. टोचलेल्या चौकोनात रोपं आली आणि बाकीच्यांत आली नाहीत, तर मुलांना कळतं की गावाने बोलायचा विषय आगीबरोबर बी-वेचणीचाही आहे. तिसरी गोष्ट गुरांची: एखाद्या चौकोनाला काट्यांचं कुंपण करून बघा.

फुलांची मोजणी वेगळी. फुलं पहाटे गळतात. रोज सगळी झाडं मोजणं जमत नसेल तर दर तिसऱ्या दिवशी, पण सगळ्यांची एकाच दिवशी मोजा. वजनकाट्यावर टोपलीसकट वजन, मग टोपलीचं वजा. वेचायला किती मिनिटं लागली तेही लिहा, आणि कोणी वेचलं तेही, कारण सराव असलेली बाई आणि आठवीतला मुलगा यांच्या वेगाची तुलना होऊ शकत नाही. प्रत्येक पद्धतीच्या ढिगातून एक किलो घेऊन त्यातली राख, काड्या, खडे वेगळे करून तोला. गावात या अभ्यासाचा खरा परिणाम याच आकड्याने होतो. राखेची फुलं आणि जाळीतली फुलं शेजारी ठेवली की बाया स्वतःच बोलू लागतात.

वाळवण्याचा भाग विज्ञानाच्या तासाला घ्या. एक किलो ताजी फुलं उन्हात पसरा, रोज संध्याकाळी तोला, लागोपाठ दोन दिवस वजन बदललं नाही की थांबा. समजा 1,000 ग्रॅमचे 240 ग्रॅम राहिले, तर ओलावा 76 टक्के. मुलांना आकडा आधी सांगू नका, अंदाज लिहून घ्या आणि मग तोला. आजी मूठभर फुलं हातात दाबून 'अजून एक ऊन पाहिजे' म्हणते, तेव्हाही तोला. तिचा हात आणि काटा किती जुळतात हे पाहणं मुलांना फार आवडतं. न जुळले तर दोघांपैकी कोण चुकलं हेही शोधायचं: अर्धवट वाळलेल्या फुलांना साठवणीत बुरशी धरते, म्हणून दोन्ही नमुने महिनाभर वेगवेगळ्या डब्यांत ठेवून बघा.

सरासरीबद्दल एक सूचना. मोहाच्या झाडाझाडांत प्रचंड फरक असतो. पाचांपैकी एका झाडाने इतरांच्या तिप्पट फुलं दिली तर सरासरी त्याच झाडाची होते, पद्धतीची होत नाही. आकडे झाडनिहाय लिहा, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, आणि शक्य असेल तर तीच झाडं पुढच्या वर्षीही घ्या. शिवाय लोक जिथे गवत-पाचोळा जास्त तिथेच जाळतात, म्हणजे जाळलेली झाडं मुळातच वेगळ्या जागी असू शकतात. फेब्रुवारीची पहिली मोजणी त्यासाठीच आहे. ही शंका मुलांच्या तोंडून आली तर अभ्यास यशस्वी झाला असं समजा.

सुरक्षेत तडजोड नको. मोहाच्या हंगामात पहाटे अस्वलं फुलं खायला येतात, आणि गडचिरोली-चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात मोह वेचायला गेलेली माणसं दगावली आहेत. मुलांनी उजाडल्यावरच, मोठ्यांच्या गटातच जायचं. खाली वाकून वेचताना एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं. ज्या भागात वाघाचा वावर कळलाय तिथली झाडं अभ्यासातून काढून टाका, मग पंधराची अकरा झाली तरी चालेल.

लोकांच्या रीतीची अशी तपासणी जगात इतरत्रही झाली आहे. अमेरिकेत पोटावाटोमी समाजाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांच्या विद्यार्थिनीने स्वीटग्रास या टोपल्या विणायच्या सुगंधी गवतावर अभ्यास केला. विणणाऱ्या बायका सांगत, नीट तोडलं तर गवत वाढतं. विद्यापीठातल्या काहींचा यावर विश्वास नव्हता. दोन पद्धतींनी तोडलेले पट्टे आणि न तोडलेले पट्टे यांची तुलना केली, तर तोडलेल्या पट्ट्यांत गवत भरभरून आलं आणि न तोडलेल्यांत खुरटलं. प्रश्न समाजाचा, मांडणी विज्ञानाची, उत्तर दोघांच्या उपयोगाचं. आपल्याकडे वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), कंद, तेंदू, सगळ्यांबाबत असा अभ्यास होऊ शकतो.

चारोळीसाठी पंडुमचा, म्हणजे नव्या पिकाच्या पूजेचा, आधार घ्या. माडिया-गोंड गावांत पंडुम झाल्याशिवाय नवं फळ, नवं धान्य तोंडात घालत नाहीत. गायता-भूमियांना (गावच्या पुजाऱ्यांना) विचारून, त्यांची संमती असेल तरच, पंडुमच्या आधी, पंडुमच्या सुमारास आणि नंतर आठ दिवसांनी एकाच झाडाची फळं थोडी थोडी घ्या. गर धुऊन काढा, तसाच ठेवला तर आंबतो आणि बी खराब होतं. सावलीत वाळवा. प्रत्येक वेळच्या शंभर बिया फोडून आत भरलेला दाणा किती बियांत आहे ते मोजा, दाण्यांचं वजन करा, आणखी पन्नास जूनमध्ये पेरा. कवच टणक असल्याने उगवायला वेळ लागतो, पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून पिशव्या उलथू नका. कच्च्या तोडणीत गावाचं किती नुकसान होतं हे यातून पैशांत मांडता येतं, आणि शेजारच्या गावाशी बोलायला ग्रामसभेला आधार मिळतो. एक मात्र जपा. पंडुम ही पूजा आहे. 'पूर्वजांनी विज्ञान म्हणूनच हे केलं' असं मुलांच्या तोंडी घालू नका. पंडुम का करायचा ते सांगायला गायता आहे. मुलांनी फक्त त्या दिवसांत बी कसं असतं ते सांगावं.

बांबूचं काम त्यामानाने सोपं. वीस बेटं निवडा, दिवाळीनंतर त्या पावसाळ्यातल्या नव्या काठ्यांना रंगाचं कडं करा, दरवर्षी वेगळा रंग. खोडावरची पानोळी (पेराला गुंडाळलेलं वाळकं आवरण) आणि पांढरट भुकटी यांवरून एका वर्षाची काठी ओळखायला जाणते क्षणात शिकवतात. नव्या काठ्या कापायच्या नाहीत, पावसाळ्यात कापायचं नाही, जमिनीलगत दुसऱ्या पेराच्या वर स्वच्छ काप घ्यायचा, हे नियम पाळलेल्या आणि न पाळलेल्या बेटांत किती नव्या काठ्या येतात ते दोन-तीन वर्षांत दिसतं. वास्ते किती काढले त्याची नोंद हवीच, नाहीतर हिशेब जुळत नाही.

पाण्यासाठी सरळ बाजूंच्या डब्याचा पर्जन्यमापक पुरतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं समजलं की बोडीचा हिशेब मुलं स्वतः करतात. नाल्याचा प्रवाह मोजायला दहा मीटरचा सरळ तुकडा घ्या, पाण्यावर एक लिंबू टाकून त्याला लागणारा वेळ मोजा, पाच वेळा. रुंदी 1.2 मीटर, सरासरी खोली 0.15 मीटर आणि वेग सेकंदाला 0.2 मीटर असेल तर सेकंदाला 0.036 घनमीटर पाणी येतं. वरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून 0.85 ने गुणा: सेकंदाला सुमारे 30 लिटर. खोली एकाच ठिकाणी मोजली की हा आकडा सहज दुप्पट चुकतो. रुंदीत किमान पाच ठिकाणी मोजा.

वह्यांविषयी. मुलं बोलतात माडिया किंवा गोंडी, लिहितात मराठी, आणि परीक्षेत येतात लॅटिन नावं. प्रत्येक नोंदीत पहिलं नाव घरच्या भाषेतलं असू द्या, मग मराठी, मग खात्री असेल तरच शास्त्रीय. कुठे एका नावाखाली दोन जाती असतील, कुठे एका जातीला वयानुसार दोन नावं. पुस्तकात 'मधमाशी' एवढा एक शब्द असतो. जंगलात वावरणारा माणूस कड्यावर किंवा उंच फांदीवर उघडं मोठं पोळं करणारी आग्या, ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी, झुडपात एकच लहान पोळं करणारी फुलोरी आणि नांगी नसलेली बारीक पोयाची माशी अशा चार वेगळ्या सांगतो, आणि शास्त्रातही त्या चार वेगळ्याच आहेत. वर्गीकरणाचा धडा इथून सुरू करा. दुर्मीळ झाडाचं ठिकाण मोबाइलच्या ॲपवर उघडं टाकू नका, ठिकाण झाकायची सोय असते ती आधी लावा.

नोंदी खोट्या भरल्या जातात, हेही धरून चाला. दर तिसऱ्या दिवशीची मोजणी चुकली की मुलं भीतीपोटी मागचा आकडा थोडा बदलून लिहितात. 'गेलो नाही' असं लिहिण्याला शिक्षा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा, आणि रिकामी चौकट पाहून कधीही रागावू नका. पेन्सिलीने लिहा, पण खोडायचं नाही, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा. मुली घरकामामुळे सकाळच्या मोजणीला गळतात. मोह वेचायला त्या तशाही जातात, म्हणून वजनाचं काम त्यांच्याकडे द्या, मागे पडत नाहीत. जाणत्यांना शिकवायला बोलावता तेव्हा त्यांची मजुरी बुडते. ग्रामसभेच्या बांबू किंवा तेंदूच्या उत्पन्नातून त्यांना मानधन आणि बारावीनंतर गावात राहिलेल्या एका-दोघांना नोंदी राखायचा मोबदला द्यायचा ठराव करून घ्या. पाहुण्या तज्ज्ञाला मानधन आणि गावच्या तज्ज्ञाला नारळ, असं झालं तर कोणाचं ज्ञान खरं ते मुलं न सांगता शिकतात.

शेवटी निकाल ग्रामसभेत मांडायचा तो पडद्यावर नको. तीन पद्धतींच्या फुलांचे तीन ढीग, शेजारी त्यातून निघालेली राख-माती, आणि चौकोनांतल्या रोपांइतके खडे तीन टोपल्यांत. मुलांनी घरच्या भाषेत बोलावं, जाणत्यांनी उलट विचारावं, आणि 'हे आम्हाला अजून कळलेलं नाही' हे वाक्य मुलांनी न लाजता म्हणावं. पाच झाडांच्या एका वर्षाच्या आकड्यांवर गावाने कायमचा नियम करू नये, हेही त्यांनीच सांगायचं. जाळ्या किती घरांना पुरतील, पुढच्या हंगामात कोणत्या टोल्यावर (वस्तीवर) वापरून बघायच्या, एवढं त्या बैठकीत ठरलं तरी पुष्कळ. पत्र्याच्या पट्ट्या रोपांवर तशाच राहू द्या, फेब्रुवारीच्या मोजणीला त्या लागणार आहेत.